बबल टिप अ‍ॅनिमोन कापावा की आपोआप फुटू द्यावा?

खारटपाणी

लाल बबल टिप अ‍ॅनिमोन आहे, म्हणजे फुगीर टोकांचं समुद्रफूल, त्याचे दोन करायचे आहेत. आधी टँकची कुंडली मांडतो, म्हणजे पुन्हा विचारायला नको.

काच ३६ × १८ × १८ इंच, साधारण १९० लिटर. खाली संपमध्ये (गाळणीची यंत्रं ठेवायच्या दुसऱ्या टाकीत) आणखी ५०. टँक १४ महिन्यांचा. खारेपणा (विशिष्ट गुरुत्व) १.०२५, तापमान रात्री २६ आणि दुपारी २७. नायट्रेट १०, फॉस्फेट ०.०८, केएच (क्षारता) ८.३. पाणी आरओ-डीआयचं (गाळून शुद्ध केलेलं), टीडीएस (विरघळलेले क्षार) ०. दर रविवारी २० लिटर बदल. स्किमर (फेसावाटे घाण काढणारं यंत्र) आहे, दोन एलईडी आहेत, एक वेव्हमेकर (पाणी फिरवणारा पंखा) आहे. मासे कमी : ऑसेलारिस क्लाउनची (समुद्रफुलात राहणाऱ्या माशांची) जोडी आणि एक गोबी. अ‍ॅनिमोन आठ महिने एकाच कपारीत बसलाय, पूर्ण उघडला की २० सेंमी भरतो.

प्रश्न असे. कापावा की वाट बघावी? कापायचा तर पाय (दगडाला चिकटणारा तळ) कपारीत दोन इंच आत आहे, तो न फाटता बाहेर कसा काढायचा? कापल्यावर तुकडे कुठे ठेवायचे आणि खायला कधी द्यायचं? औषध टाकायचं का? शिवाय दगडाच्या मागच्या बाजूला पाच-सहा बारीक तपकिरी अ‍ॅनिमोन दिसताहेत, ती याचीच पिल्लं का? आणि दुकानदार म्हणतो कार्पेट अ‍ॅनिमोनही असाच कापता येतो. खरं आहे?

ओहोटी

आकडे चांगले आहेत. एकच शंका : १.०२५ मोजता कशावर? प्लास्टिकचा काटा हलणारा हायड्रोमीटर असेल तर त्याच्यावर विसंबू नका. रिफ्रॅक्टोमीटर (पाण्याच्या थेंबातून प्रकाश बघून खारेपणा मोजणारं यंत्र) असेल तर तो नुसता आरओच्या पाण्यावर शून्य करून थांबू नका, ३५ पीपीटीच्या (हजारात ३५ भाग मीठ, समुद्राइतक्या) द्रावणावर लावून घ्या. शून्याला बरोबर दाखवणारं यंत्र ३५ ला दोन-तीन अंकांनी चुकलेलं असू शकतं. अ‍ॅनिमोनला सांगाडा नाही, त्यामुळे केएच-कॅल्शियमचं त्याला दगडी प्रवाळाइतकं पडलेलं नसतं. खारेपणा हलला मात्र त्याला लगेच कळतं, कारण त्याचं सगळं अंग म्हणजे पाण्याने भरलेली पिशवी.

कापायचं मनात असेल तर आधी तीन गोष्टी बघा. टोकदार नसलेली प्लास्टिकची काडी शुंडकांना (तोंडाभोवतीच्या बोटांसारख्या अवयवांना) लावा. चिकटून खेचल्यासारखी वाटली पाहिजे. तोंड घट्ट मिटलेलं, बारीक फटीसारखं हवं. सैल, बाहेर आलेलं किंवा आतलं दिसणारं तोंड असेल तर कापायचं नाव काढू नका. तिसरं, दिवे गेल्यावर तो आक्रसतो आणि सकाळी पुन्हा फुगतो, इतपत ठीक. भर दिवसा तीन-चार वेळा फुगा फुटल्यासारखा बसत असेल तर कुठेतरी बिनसलेलं आहे. रंगही बघा. लाल जातीतसुद्धा आत तपकिरी झाक असते, ती त्याच्या अंगातल्या शैवालाची. पांढरट गुलाबी किंवा पिवळाधमक दिसणारा ‘सुंदर’ अ‍ॅनिमोन बहुतेक वेळा शैवाल गमावलेला असतो, क्वचित रंगवलेलाही.

माझं मत विचाराल तर कापू नका. बबल टिप स्वतःच उभा चिरत जाऊन दोन होतो, टँकमध्ये तेच त्याचं नेहमीचं पुनरुत्पादन. पोटभर खाणं आणि स्थिर पाणी मिळालं की फुटतो, आणि जिवावर बेतलं तरी फुटतो. दोन्हींतला फरक नंतर कळतो. खाऊनपिऊन फुटलेल्याचे दोन्ही भाग आठवड्याभरात टवटवीत दिसतात. त्रासाने फुटलेल्याचे तुकडे लहान, फिके राहतात आणि महिन्या-दोन महिन्यांत पुन्हा फुटून आणखी बारीक होतात. अशा चार बटणांपेक्षा एक मोठा अ‍ॅनिमोन बरा.

खाणं असं ठेवा : आठवड्यातून दोनदा, सोललेल्या कोळंबीचा हरभऱ्याएवढा तुकडा. एवढा छोटा का? कारण मोठा घास तो गिळतो खरा, पण बारा-चोवीस तासांत चिकट वेष्टनात गुंडाळून जसाच्या तसा बाहेर टाकतो, आणि ते कुजून नायट्रेट वाढतं. बाजारात ताजा जवळा मिळत असेल तर उत्तमच. आरओच्या पाण्यात दोनदा धुवा, पातळ थर करून फ्रीजरमध्ये ठेवा, लागेल तेवढा मोडून घ्या. वाळवलेला जवळा नको, त्यात वाळू आणि जास्तीचं मीठ. बांगडा, तारली असले तेलकट मासेही नकोत. पाण्यावर तवंग येतो आणि स्किमर बसतो.

संपवाला

ओहोटींशी निम्मा सहमत. खाण्याबद्दल म्हणताहेत ते शंभर टक्के. पण ‘आपोआप फुटू द्या’ यात एक अडचण आहे. आपोआप फुटलेल्यातला एक भाग बहुतेक वेळा जागा सोडून चालू लागतो, तोही रात्री, आणि तुमच्या १९० लिटरच्या टँकमध्ये त्याची वाट वेव्हमेकरवरूनच जाते. कापण्याचा दिवस तुम्ही ठरवता, तुकडे डब्यात बंद असतात, पाण्यातली घाण शोषणारा कार्बन आधीच चालू असतो. निरोगी, २० सेंमीचा, आठ महिने एका जागी असलेला अ‍ॅनिमोन कापायला योग्यच आहे. १५ सेंमीपेक्षा लहान असता तर मीही थांबा म्हटलं असतं.

आता कृती. कापणं दोन मिनिटांचं. तयारी तीन दिवसांची.

तीन दिवस आधी खाणं बंद. पोटात घास असताना कापलं तर अर्धवट पचलेलं अन्न जखमेत सांडतं, आणि कुजण्याची सुरुवात तिथूनच होते. आदल्या दिवशी नेहमीचं पाणी बदला, म्हणजे कापल्यानंतरच्या आठवड्यात मोठा बदल करावा लागणार नाही. धुतलेला अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बन पाऊण वाटी जाळीच्या पिशवीत घालून संपमध्ये वाहत्या जागी ठेवा.

साहित्य : गुळगुळीत, कडक प्लास्टिकचा नवा चॉपिंग बोर्ड. लाकडी पाट नको, तो साबण आणि मसाला दोन्ही पिऊन बसलेला असतो. लांब पात्याची नवी पातळ सुरी किंवा मोठं ब्लेड. पातं आक्रसलेल्या अ‍ॅनिमोनपेक्षा लांब हवं. लहान स्काल्पेलने दोन-तीनदा ओढावं लागतं आणि कडा फाटक्या होतात. टँकच्याच पाण्याच्या दोन बादल्या, नायट्राइलचे हातमोजे, चष्मा. बबल टिपचा डंख तळहाताला फारसा जाणवत नाही, पण मनगटाच्या आतल्या बाजूला पुरळ उठतं, आणि बोट डोळ्याला गेलं तर रविवार वाया गेला समजा.

अ‍ॅनिमोन बादलीत असतानाच आक्रसून लिंबाएवढा किंवा मोसंब्याएवढा होतो. ओल्या बोर्डवर पाय खाली, तोंड वर असा ठेवा. शुंडकं आत ओढलेली असतात, तोंड दिसत नाही, म्हणून पाच-दहा सेकंद बोटाने शुंडकं हलकेच बाजूला सारा; मध्ये फिकट लांबट फट दिसेल. पातं त्या फटीच्या बरोबर मध्यावर टेकवा आणि सरळ खाली दाबा. एकाच दाबात. पाव कापतो तसं मागेपुढे करायचं नाही. पातं बोर्डाला टेकल्याचा आवाज आला पाहिजे, नाहीतर पायाचा पापुद्रा जोडलेला राहतो आणि ओढून तोडावा लागतो.

दोन्ही तुकड्यांत तीन गोष्टी आल्याच पाहिजेत : तोंडाचा भाग, पायाचा भाग आणि शुंडकांची अर्धी रांग. नुसता पायाचा किंवा नुसता शुंडकांचा तुकडा बबल टिपमध्ये धरून चालू नका. आणि चार करायचा मोह टाळा. चार तुकडे जगल्याचे फोटो दिसतात, मेलेल्यांचे कोणी टाकत नाही.

कापल्याबरोबर आतून पांढरे दोरे बाहेर येतात. घाबरू नका, ओढू नका, कापूही नका. ते त्याच्या पचनाचे धागे आहेत, बरेचसे परत आत घेतले जातात. दुसऱ्या बादलीत तुकडा दोनदा बुचकळून चिकट स्राव जाऊ द्या आणि सरळ डब्यात.

डब्याबद्दल : भोकांचा प्लास्टिकचा डबा किंवा माशांच्या पिल्लांसाठी मिळतो तो जाळीचा, झाकणासकट. दोन तुकड्यांना दोन डबे. तळाशी जिवंत खडकाचे (जिवाणू वसलेल्या समुद्री दगडाचे) सुपारी-लिंबाएवढे तुकडे, म्हणजे पाय कशाला तरी धरेल आणि नंतर त्याच दगडासकट उचलता येईल. झाकण कशाला, तर क्लाउनसाठी. त्यांना जखम वगैरे कळत नाही. ते लगेच अंग घासायला येतात आणि कडा जुळू देत नाहीत. डबा मुख्य टँकमध्येच कडेला लावा. वेगळ्या बादलीत ठेवलं तर खारेपणा आणि तापमान दोन्ही हातातून जातं.

प्रवाह इतकाच की शुंडकांची टोकं हलतील. प्रकाश नेहमीच्या निम्मा. डब्यावर पांढऱ्या जाळीचा एक थर टाकला तरी चालतं.

खारटपाणी

संपवाला, फारच उपयोगी. रिफ्रॅक्टोमीटरच आहे, पण लावलाय आरओवरच, द्रावण मागवतो. तुकडा बरा होतोय हे कसं ओळखायचं? आणि पाय?

संपवाला

पहिल्या तासाभरात तुकडा कापलेल्या बाजूने आत वळतो, करंजी मुडपल्यासारखा. तिसऱ्या दिवशी कडा एकमेकींना चिकटलेल्या असतात आणि वरून बघितलं तर अर्धचंद्राऐवजी घेवड्याच्या दाण्यासारखा आकार दिसतो. सात ते दहा दिवसांत तोंड गोलसर मिटतं. तिथे काही दिवस शिवण घातल्यासारखी फिकट रेघ राहते, शुंडकं एका बाजूला दाट आणि दुसऱ्या बाजूला विरळ असतात. पूर्ण गोल व्हायला महिना धरा.

खाणं तोंड मिटल्यावरच. आठव्या-दहाव्या दिवशी बारीक मायसिस (कोळंबीसारखे इवले जीव) किंवा जवळ्याचे दोन-तीन नग शुंडकांवर ठेवून बघा. धरले आणि तोंडाकडे नेले तर ठीक. तसेच पडून राहिले तर काढून टाका आणि आणखी चार दिवस जाऊ द्या. लवकर खायला घालणं हे तुकडा मरण्याचं पहिलं कारण आहे. उघड्या पोटात अन्न टिकत नाही, जखमेत सडतं.

पुन्हा कापायची घाई नको. तुकडा १५ सेंमी झाल्याशिवाय सुरी काढायची नाही, आणि तेवढं व्हायला चार-सहा महिने सहज जातात.

निळी काच

पायाबद्दल मी सांगते, कारण कापण्यापेक्षा जास्त अ‍ॅनिमोन इथेच खराब होतात.

पाय ओढून काढायचा नाही, हा नियम भिंतीवर लिहा. पायाच्या तळाचा लहानसा ओरखडा भरतो, पण मध्यावर भोक पडलं की ती जागा चिकटत नाही, तिथून जंतू शिरतात. सोप्याकडून अवघडाकडे जा.

आधी दगडच उचलता येतो का बघा. अ‍ॅनिमोनसकट दगड बादलीत आला की निम्मं काम झालं. तिथे कपारीचं तोंड वर करून दगड तिरका ठेवा, पाय अर्धवट पाण्याबाहेर राहील असा. पाच-दहा मिनिटांत त्याची पकड बऱ्याचदा सैल होते. मग कडेने, नखाने नाही तर बोटाच्या पेराने, पायाची कड उचलत जा. जुन्या सिमकार्डाच्या पट्टीएवढं मऊ प्लास्टिकही चालतं. दर वेळी दोन-तीन मिलिमीटर. आक्रसला की थांबायचं.

दुसरा उपाय बर्फाचा. छोट्या पिशवीत बर्फाचा खडा गुंडाळून पायाच्या विरुद्ध बाजूने दगडाला लावायचा. थंडावा नको म्हणून तो सरकतो. खडा सुटा टाकू नका. गोडं पाणी थेट पायावर जाईल.

तिसरा, छोटी मोटार सरळ पायावर रोखून ठेवायची आणि चोवीस तास तशीच सोडायची. कपार अंधारी आणि शांत म्हणून त्याला आवडते; ती शांत राहिली नाही की तो बाहेर येतो. हा उपाय केलात तर वेव्हमेकर आणि संपकडे पाणी जाण्याची वाट आधी जाळीने झाका.

यातलं काही चाललं नाही तर छिन्नी-हातोडीने कपारीची एक कड उडवा, टँकच्या बाहेर, ओल्या टॉवेलवर. दगडावर झोअँथिड (बटणाएवढे, प्रवाळासारखे मऊ जीव) असतील तर मात्र चष्मा आणि हातमोजे घातल्याशिवाय घाव घालू नका, आणि तो दगड उकळायचा किंवा गरम पाण्याने धुवायचा तर अजिबात नाही. काही झोअँथिडांत पॅलिटॉक्सिन हे जहाल विष असतं आणि ते वाफेतून, तुषारातून घरातल्या माणसांना लागतं. यात कसलीही अतिशयोक्ती नाही.

वेव्हमेकर झाकण्याबद्दल : बाजारात त्याचे जाळीचे पिंजरे मिळतात, नाहीतर खरखरीत काळा स्पंज कापून प्लास्टिकच्या झिप-टायने बांधा. बारीक स्पंज नको, चार दिवसांत तुंबतो आणि मोटार तापते. दर तीन-चार दिवसांनी पिळून धुवा. हीटरलाही जाळी हवी. अ‍ॅनिमोन हीटरच्या नळीवर चढून भाजलेले असतात.

आणि समजा, झालाच अपघात, मोटारीत गेला. दिसतील तेवढे तुकडे लगेच बाहेर काढा, कार्बन बदला, स्किमर जोरात, ३० ते ५० टक्के पाणी बदला आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा. यासाठी मिसळलेलं खारं पाणी ७५ लिटर तरी घरात तयार असलेलं बरं. त्या दिवशी मीठ विरघळायची वाट बघायला वेळ नसतो.

औषध : निरोगी अ‍ॅनिमोन कापल्यावर काही टाकायचं नाही. आजारी अ‍ॅनिमोनला लोक सिप्रोफ्लॉक्सासिन देतात, पण वेगळ्या टबमध्ये, रोज पाणी बदलून. ते डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचं औषध आहे आणि मुख्य टँकमध्ये टाकलं तर तुमच्या खडकातल्या कामाच्या जिवाणूंवरही चालतं. आणि तांबं असलेलं माशांचं औषध टँकच्या जवळपासही नको. मोटारीला किंवा पाइपाला पितळी नट असेल तर तोही बदला.

मीठ-३५

ती पाच-सहा तपकिरी ‘पिल्लं’ पिल्लं नाहीत, हे फोटो न बघताही सांगतो. बबल टिप फुटतो तेव्हा त्याच्या निम्म्या आकाराचे दोन होतात, मोहरीएवढे ठिपके उगवत नाहीत.

दोन शक्यता, दोन्ही टँकमधलं तण. लांब बारीक देठ, काचेसारखी पारदर्शक टोकदार शुंडकं, बोट जवळ नेलं की क्षणात भोकात गडप : आयप्टेशिया. आखूड, बुटका, शुंडकांची टोकं गुटगुटीत आणि हिरवट-गुलाबी : माजानो. माजानो बघून पुष्कळांना बबल टिपचं बाळ झाल्याचा आनंद होतो. तो आनंद तीन महिने टिकतो.

आयप्टेशिया पायाचे बारीक कण मागे सोडत जातो आणि प्रत्येक कणातून नवा उगवतो. म्हणून चिमट्याने उपटायचा नाही, ब्रशने घासायचा नाही, चिरडायचा तर नाहीच. एकाचे दहा होतात. गंमत बघा, ज्याला वाढवायचंय त्याला सुरी, कार्बन, झाकणाचा डबा, आणि ज्याला मारायचंय तो फुकटात वाढतो.

पाच-सहाच आहेत तोवर चुना पुरे. शुद्ध कॅल्शियम हायड्रॉक्साइड एक चमचा, त्यात आरओचं पाणी थेंबथेंब घालून श्रीखंडापेक्षा जरा सैल कालवा. पानपट्टीवरचा चुना नको, त्यात काय काय मिसळलेलं असतं ते डबीवर लिहिलेलं नसतं. सिरिंजला बोथट सुई लावा. सगळ्या मोटारी बंद. सुई हळू नेऊन तोंडावर अर्धा मिलीचा गोळा सोडा, तो उघडा असतानाच. आक्रसला तर भोकावरच लिंपा. पंधरा मिनिटांनी मोटारी चालू. एका दिवशी तीनपेक्षा जास्त नको, कारण चुन्याने पीएच चढतो. तुमच्या लाल अ‍ॅनिमोनच्या अंगावर कण उडता कामा नये, आणि हे काम कापण्याच्या दोन आठवडे आधी संपवा, दोन्ही एकदम नको.

पेपरमिंट कोळंबी आयप्टेशिया खाते हे खरं, पण सगळ्याच खात नाहीत. शिवाय ती अ‍ॅनिमोनच्या तोंडातला घास काढून नेते आणि ताज्या जखमेलाही टोचते. कापलेला तुकडा बरा होईपर्यंत ती आणू नका.

ओहोटी

कार्पेटचं राहिलं. दुकानदाराला नमस्कार करा आणि ऐकू नका.

सगळे अ‍ॅनिमोन एकाच रीतीने वाढत नाहीत. बबल टिप निसर्गात फुटतो, म्हणून कापलेला सोसतो. हॅडोनी, जायगॅन्टिया असे मोठे कार्पेट घरच्या टँकमध्ये कापण्याजोगे नाहीत. मोठा, महागडा जीव सडून टँकही घेऊन जाईल. छोटा मिनी-कार्पेट मात्र स्वतः फुटतो आणि सुरीही सोसतो. कॅरिबियनमधला रॉक फ्लॉवर कापायचा नसतो; चार-सहा एकत्र, जवळजवळ ठेवून चांगलं खायला दिलं तर कधीतरी आजूबाजूच्या दगडांवर शर्टाच्या बटणाएवढी खरोखरची पिल्लं दिसतात. युरोपच्या किनाऱ्यावरचा लाल बीडलेट तर पिल्लं पोटात वाढवून तोंडावाटे बाहेर सोडतो. निसर्गअभ्यासक जॉन डॅलियेल यांनी १८२८ साली स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरून उचललेला असा एक ‘ग्रॅनी’ एडिनबरामध्ये काचेच्या बरणीत १८८७ पर्यंत जगला. मूळ मालक त्याच्या कितीतरी आधी गेले. सांगायचं कारण, तुमच्या हातातला जीव तुमच्यापेक्षा टिकाऊ असू शकतो. दोन महिने उशिरा कापला तर काही बिघडत नाही.

क्लाउनसाठी कार्पेट घ्यायचा विचार असेल तर तोही सोडा. ऑसेलारिस निसर्गात बबल टिपमध्ये राहत नाही, तरी टँकमध्ये तुमच्या जोडीने तो स्वीकारलाय. बाकी काय हवं?

आणखी एक, कोणी विचारायच्या आत. ओहोटीला कोकणातल्या खडकांवर समुद्रफुलं दिसतात, ती घरी आणू नका. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ पासून आहे, तिथून काहीही उचलता येत नाही. बाहेरून आणलेल्या दगडावर दगडी प्रवाळ निघाला तर तो १९७२च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. टँकमध्ये वाढलेल्या अ‍ॅनिमोनचे तुकडे एकमेकांत वाटले तर हा प्रश्नच येत नाही.

निळी काच

आता कापणार असाल तर महिना बघा. एप्रिल-मेमध्ये नको. २७ अंश चालतात, पण दुपारी २९-३० झाले की पाण्यात ऑक्सिजन कमी, जंतू जास्त, आणि उघडी जखम. पुण्या-नागपूरच्या कोरड्या हवेत पाण्याच्या पृष्ठभागावर पंखा लावला तर दोन-तीन अंश उतरतात; मुंबई-रत्नागिरीच्या दमट हवेत तेवढे उतरत नाहीत, तिथे चिलर किंवा खोलीचा एसी. पंखा लावला की बाष्पीभवन वाढतं. उडालेल्या पाण्याच्या जागी नुसतं आरओचं पाणी घालायचं, खारं नाही; मीठ उडत नसतं. ऑटो टॉप-ऑफ (उडालेलं पाणी आपोआप भरणारं यंत्र) नसेल तर काचेवर रेघ मारून सकाळ-संध्याकाळ भरा. एकदम पाच लिटर ओतलं तर खारेपणा दणकन उतरतो.

वीज जाते तिथे बॅटरीवर चालणारा हवेचा पंप आधीच लावून ठेवा.

खारटपाणी

सगळ्यांचे आभार. द्रावणावर लावल्यावर रिफ्रॅक्टोमीटर दोन अंक जास्त दाखवत होता असं निघालं, म्हणजे पाणी वाटत होतं त्यापेक्षा कमी खारं होतं. दोन आठवड्यांत ३५ वर आणलं. तपकिरी सगळे आयप्टेशिया होते, चुन्याने गेले. दगड उचलून, तिरका ठेवून पाय सुटला. कापून आज नववा दिवस.

‘अ’ तुकडा दगडाला चिकटलाय, शुंडकं फुगवतो. ‘ब’ चिकटत नाही, डब्यात लोळतो, आणि कापलेल्या बाजूला तांदळाच्या दाण्याएवढा करडा भाग दिसतोय. वास नाही. काय करू?

संपवाला

वास नाही ही चांगली बातमी. मेलेल्या अ‍ॅनिमोनचा वास ओळखायला शिकावं लागत नाही.

‘ब’ला हात लावण्याआधी डब्यातला प्रवाह बघा. लोळतोय म्हणजे बऱ्याचदा पाणी जास्त फिरतंय, पाय टेकायला निवांतपणा नाही. डबा कोपऱ्यात हलवा किंवा प्रवाहाच्या बाजूची भोकं टेपने नव्हे, प्लास्टिकच्या तुकड्याने आडोसा करून झाका. सपाट दगडाऐवजी खाच असलेला दगड द्या आणि पाय खाचेत जाईल असा ठेवून सोडून द्या. दिवसातून पाच वेळा सरळ करत बसू नका.

करडा भाग म्हणजे मेलेली कड. टँकच्याच पाण्याच्या वाडग्यात तुकडा घेऊन ड्रॉपरने हलकी धार मारा. सैल असेल ते सुटून जाईल. सुटत नसेल आणि रोज वाढत असेल, तर नव्या ब्लेडने त्या भागाच्या पलीकडे दोन मिलिमीटर निरोगी लाल मांसातून एकदा साफ कापा, पुन्हा बुचकळा, डब्यात. वाढत नसेल तर राहू द्या, आपोआप गळेल. आधी मोबाइलवर फोटो काढून ठेवा, उद्या त्याच वेळी दुसरा. डोळ्याला रोज वाढल्यासारखंच वाटतं.

‘अ’ला जवळ्याचा एक नग देऊन बघायला हरकत नाही. ‘ब’ला चिकटेपर्यंत काही नाही. कार्बन आज बदला.

मीठ-३५

+१. आणि ‘ब’ तोंड उघडून आतलं बाहेर काढायला लागला, शुंडकं एकमेकांना चिकटून दोऱ्यासारखी झाली, पाण्यावर धूसर पडदा आला, तर त्याच क्षणी डब्यासकट बाहेर. एका तुकड्यासाठी ‘अ’ आणि क्लाउन पणाला लावू नका.

खारटपाणी

डबा कोपऱ्यात हलवून खाचेचा दगड दिला. काल रात्रीपासून ‘ब’चा पाय दगडाला धरून आहे. करडा दाणा तेवढाच आहे, दोन्ही फोटो सारखे. ‘अ’ने जवळ्याचा नग घेतला, ओकला नाही. झाकण कधी काढू?

निळी काच

दोघांनी सलग तीन वेळा खाऊन पोटात ठेवलं की. त्याआधी नाही, क्लाउन कितीही काचेला नाक लावून बसले तरी. बाहेर काढताना दगडासकटच काढा, आणि वेव्हमेकरवरचा स्पंज आणखी महिनाभर राहू द्या. नवीन जागी ठेवलेला अ‍ॅनिमोन पहिले काही दिवस फिरतो.